पाइपाला कान लावणारे भाऊ

डबा उघडायच्या आधी ते टेबलावरचा वॉल्व्ह फडक्याने झाकून ठेवत. फडकं घरून आणलेलं, धुतलेलं, चार घड्या घातलेलं. मग हात धुऊन, वॉल्व्हकडे पाठ करून जेवायला बसत. मी नवीन होते. मला वाटलं, आत देव असेल. मी झाडू भिंतीला टेकवला आणि दाराजवळूनच हात जोडले.

ते घास हातात धरून म्हणाले, "देव नाई बाई, वॉल्व्ह हाय. पोळीचा एक कण आत पडला ना, तं गळत राह्यते."

मी वॉल्व्हला नमस्कार केला ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर वर्कशॉपातल्या लोकांनी मला वर्षभर जगू दिलं नसतं. त्या दिवसापासून मी त्यांना भाऊ म्हणायला लागले. बाकी सगळे मिस्त्री म्हणत.

फॅक्टरी सोयाबीनच्या तेलाची होती, वरोऱ्याहून थोडी आत. दिवाळीच्या सुमारास ट्रकांची रांग लागे. पावसाळ्यात बिया संपल्या की काही दिवस काम थांबवून दुरुस्ती चाले. मी ठेकेदाराकडून लागलेली बाई, झाडायला आणि सामान धुवायला. माझं माहेर पोंभुर्ण्याकडे, तलावात जाळं टाकणाऱ्यांचं घर. शाळा चौथीपर्यंत. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मान हलवून भागवते, आजही. वर्कशॉपात पाच-सहा पुरुष आणि मी एकटी. तिथे माझा आवाज महिन्यातून दोनदा निघत असेल.

त्या पुरुषांमध्ये एक फिटर होता, जाडजूड, गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. तो मला पाहिलं की म्हणे, "काऊन बाई, आज बी म्यूटवरच का?" लोक हसत. भाऊ हसत नसत. ते म्हणत, "तिच्या तोंडातून गळत नाई, म्हणून तुमाले त्रास होते. तू तं सकाळपासून पासिंग हायस."

पासिंग हा तिथला रोजचा शब्द. वॉल्व्ह बंद केला तरी आतून थोडं थोडं निघत राहिलं की त्याला पासिंग म्हणत. बाहेरून काहीच दिसत नाही. आत आवाज मात्र असतो, आणि तो ऐकायचं काम भाऊंचं होतं.

ते बारीक अंगाचे, पन्नाशी केव्हाच ओलांडलेले. चंद्रपूरकडचा उन्हाळा, पत्र्याखाली उभं राहवत नसे, तरी त्यांच्या कानांना मफलर गुंडाळलेला. कोणी विचारलं की म्हणत, "हत्यार उघडं ठेवत असतेत का? मशीनचा आवाज लागला का धार जाते." कमरेला हातभर लांबीची काळी काठी खोचलेली असे. तेंदूच्या झाडाचा आतला काळा गाभा असतो, लोखंडासारखा, त्याची त्यांनी स्वतः तासून केलेली. मफलर सोडायचा, काठीचं एक टोक पाइपाला, दुसरं कानाला, डोळे मिटायचे आणि मनात एकवीस मोजायचे. मग म्हणायचे, "बंद." किंवा म्हणायचे, "पासिंग हाय, हात नका लावू."

त्यांनी बंद म्हटल्याशिवाय कोणी पाइपाची लाइन उघडत नसे. कागदावर असा नियम कुठेच नव्हता. कागदावर वेगळे नियम होते, त्यावर सह्याही होत. पण सही झाल्यावरही फिटर पाना हातात धरून उभा राही आणि विचारी, "मिस्त्रीनं आयकलं का?" मोठे साहेबसुद्धा थांबत.

एकदा नागपूरहून एक साहेब आम्हाला शिकवायला आले. सगळ्यांना बसवलं, मलाही मागे बसवलं. भिंतीवर चित्र दाखवून ते म्हणाले की अमुक ठिकाणी उष्णता मोजली जाते, ती कंट्रोल रूममध्ये कळते, तिथून हुकूम निघतो, आणि वॉल्व्ह हा या साखळीतला शेवटचा घटक. भाऊ उठून उभे राहिले.

"साहेब, घटक म्हणू नका. शेवटचा माणूस म्हणा."

"म्हणजे?"

"वरचे सगळे सांगणारे. हा एकटाच करणारा. कंप्युटरात किती बी लाल-हिरवं होऊ द्या, वाफ अडवाची त्यालेच लागते. अन् त्याले एसी नाई."

साहेब हसले आणि पुढचं चित्र लावलं. भाऊ मात्र बसायचं विसरले. चहा येईपर्यंत उभेच होते.

मला वॉल्व्ह समजला तो त्यांच्याकडूनच. वर थाळीसारखा गोल डबा, त्यात रबराचा पडदा. नळीतून दाबाचा वारा येतो, पडदा दबतो, दांडा खाली जातो, आणि दांड्याच्या टोकाचं बूच सीटवर बसतं. सीट म्हणजे आतली गोल कडी. बूच आणि कडी जिथे भेटतात ती रेघ केसाएवढी, आणि सगळं त्या रेघेवर. वारा थोडा कमी केला की बूच थोडं उचलतं आणि तेवढीच वाफ पुढे जाते.

"अन् वारा गेला तं?" हे ते प्रत्येक नव्या माणसाला विचारत. वारा गेला की काही वॉल्व्ह आपोआप उघडतात, काही आपोआप बंद होतात. कोणी काय करायचं ते आधीच ठरवून, आत तशी स्प्रिंग बसवलेली असते. जिथे थंड पाणी थांबलं तर धोका, तिथे उघडणारा. जिथे वाफ सुटली तर धोका, तिथे बंद होणारा. माणसंही त्यांनी अशीच वाटली होती. कँटीनवाला उघडणारा. फिटर उघडणारा, भ्याला की बोंबलतो. मोठे साहेब बंद होणारे, संकट आलं की दार लावून घेतात. माझ्याबद्दल विचार करायची गरजच पडली नाही. "तू तं वारा असताना बी बंदच," ते म्हणाले.

माझ्या लहान बहिणीच्या मुलीच्या लग्नाला ते आमच्या गावी आले होते. मी बोलावलं नव्हतं, पत्रिका वर्कशॉपाच्या फळ्यावर लावली होती तेवढंच. ते एकटे बसने आले, नव्या नवरीच्या हातात पाकीट दिलं, पहिल्या पंगतीत जेवले आणि नाहीसे झाले. माझे काका त्यांना शोधत तलावाच्या पाळीवर गेले, मागे मीही. पाणी सोडायच्या दाराजवळ भाऊ पालथे झोपले होते. अंगात धुतलेला पांढरा सदरा, काठी दाराला आणि कान काठीला.

काका म्हणाले, "पाहुणे, नवरी तिकडे हाय."

भाऊ उठले. "दार पासिंग हाय तुमचं."

"माह्या बापाच्या वक्तापासून गळते ते. त्याच पाण्यावर खालच्या बांधीतलं धान वाचते. तुमी बंद करान तं लोकं तुमाले बी पाण्यात टाकतीन."

भाऊंनी खालच्या बांध्यांकडे, भाताच्या खाचरांकडे बघितलं, मग दाराकडे. "असं हाय का," ते म्हणाले. "मंग गळत नाई ते. मोजून देऊन राह्यलं." आणि सदऱ्याला लागलेली माती झटकून त्यांनी त्या लाकडी दारावर हळूच थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. गावात अजून त्यांची आठवण काढतात. लग्नात वरमाईचं नाव काय होतं ते लोक विसरले, पण दाराला कान लावणारा पाहुणा विसरले नाहीत.

घासायचं काम त्यांनी मला दिलं ते असंच, कोणाला न विचारता. बूच आणि कडी यांच्यामध्ये बारीक कणीचा घासायचा मसाला लावून एकमेकांवर फिरवायचं, अर्धा वळसा इकडे, अर्धा तिकडे, मग उचलायचं, जागा बदलायची, पुन्हा. घाई केली की ओरखडा पडतो. पुरुष घाई करत. मी डिझेलमध्ये सामान धूत होते, ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले.

"घरी मासे तू साफ करतेस का?"

मी मान हलवली.

"खवले काढताना कातडी फाटते का?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

त्यांनी बूच माझ्या हातात दिलं. फिटर म्हणाला, "मिस्त्री, झाडूवालीकडून सीट घासून घेऊन राह्यले, उद्या माह्याकडून झाडू मारून घ्यान." भाऊ म्हणाले, "नाई बावा. झाडायले अक्कल लागते."

घासून झालं की निळा रंग लावून बघायचं. कडीवर सगळीकडे अखंड निळी रेघ उमटली पाहिजे. मग कडीच्या वर रॉकेल ओतायचं, खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि थांबायचं. कागदावर थेंब दिसला तर पुन्हा सुरुवात. माझ्या पहिल्या वॉल्व्हखाली आम्ही दोन चहा होईपर्यंत थांबलो. कागद कोरडा राहिला. भाऊंनी तो कागद उचलला, उजेडात धरला, आणि कागदावरची बातमी वाचत वाचत निघून गेले.  दुसऱ्या दिवशी टेबलावर दोन फडकी होती. एक त्यांच्या वॉल्व्हवर, एक माझ्या.

त्यांचे कान गेले हे मला त्यांच्याआधी कळलं असेल, किंवा त्यांना कळलं होतं आणि ते लपवत होते. एका वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या मागे रॉकेलचा रिकामा डबा पडला. सगळ्यांनी दचकून बघितलं, मीसुद्धा. भाऊ कडी पुसत राहिले.

मग मी बघायला लागले. ते आता समोरच्याला बोलू न देता स्वतःच बोलत. दुसरा बोलला की त्याच्या तोंडाकडे बघत. मफलर आता सोडतच नसत. लोक म्हणाले, मिस्त्रीला आता गर्व झाला, हाक मारली तरी वळत नाही. मग त्यांनी काठी कानाऐवजी दातांत धरायला सुरुवात केली. त्यावर फिटर खूप हसला, "मिस्त्री आता पाइप खाऊन पाहून राह्यले." पण दातांत धरली की हाडातून आवाज चढतो, हे त्यांनी शोधून काढलं होतं. काही दिवस त्यावर निभावलं. मग तेही पुरेना.

एके दिवशी ते मला म्हणाले, "ये बाई, तुले शिकवतो." काठी माझ्या कानाला लावली. "काय आयकू येते?"

आधी मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू आलं. मग त्याच्या मागे, खूप दूर, तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसं. मी बोटाने खूण केली, थोडं आहे. त्यांनी काठी स्वतःच्या कानाला लावली, एकवीस मोजले आणि मोठ्याने म्हणाले, "पासिंग हाय."

त्यानंतर रोज हेच. आधी मी ऐकायचं, मग त्यांनी. मी काठी देताना एक बोट उचललं की पासिंग, मूठ मिटली की बंद. लोकांना वाटलं, शिकवणं चाललं आहे. आम्ही दोघं यावर एक शब्दही बोललो नाही. त्यांना नोकरीची दोन वर्षं उरली होती. कान गेले हे उघड झालं असतं तर वर्कशॉप सुटलं असतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांच्या घरी एक बहीण होती, विधवा. त्यापलीकडे त्यांना वर्कशॉपच होतं. सुटीच्या दिवशीही ते गेटपर्यंत येऊन परत जात.

तपासणीचा डॉक्टर वर्षातून एकदा येई. सामान धुवायला मी बाजूलाच होते. कान तपासायला डॉक्टर पाठीमागे जाऊन काहीतरी पुटपुटले. भाऊंनी वळून त्यांच्या गळ्यातली नळी हातात घेतली. "हे कानात नीट बसते का तुमाले? रबर कडक झालं. आत वारा जात असन. बदलून घ्या, नाई तं पेशंटची छाती पासिंग वाटन." डॉक्टरांनी नळीचं टोक बोटाने दाबून बघितलं. रबर खरंच कडक झालं होतं. दोघं दहा मिनिटं त्या रबरावर बोलले, म्हणजे भाऊ बोलले. शेवटी डॉक्टरांनी सही केली. भाऊ बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

मला त्या दिवशी हसू आलं. घरी गेल्यावर, तांदूळ निवडताना, ते हसू गेलं. वाफ अडली असेल तर पाइपात आवाज नसतो. आवाज नसला की ते बंद म्हणतात. म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याला सगळेच वॉल्व्ह बंद वाटणार. ते कधी एकटे गेले तर त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघणारच नाही. मी नवऱ्याला सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि मिटलं. माझं बोट आहे तोवर काही होणार नाही, असं मी मनाला सांगितलं.

त्या पावसाळ्यात सुरक्षेचे नवीन साहेब आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला पाइपांजवळ बघितलं. ठेकेदाराला बोलावून म्हणाले, सफाईची बाई मशीनजवळ दिसता कामा नये, झाडून झालं की खाली. ते बरोबरच बोलले होते. भाऊ तिथेच उभे होते. त्यांनी साहेबांच्या ओठांवरून सगळं वाचलं असणार, कारण त्यांचा चेहरा उतरला. पण ती मला लागते असं ते म्हणू शकत नव्हते. का लागते, हा पुढचा प्रश्न आला असता.

चार दिवसांनी टोस्टरचं काम निघालं. टोस्टर म्हणजे तेल काढून उरलेली पेंड वाफेवर भाजायचं मोठं भांडं. त्याच्या वाफेच्या लाइनवरचा एक तुकडा खोलायचा होता. बॉयलर दुसऱ्या कामासाठी चालूच होता. म्हणून कंट्रोल वॉल्व्ह बंद केला, त्याच्या आधीचा हाताने फिरवायचा वॉल्व्हही बंद केला. हाताचा वॉल्व्ह जुना, त्यावर कोणाचा भरवसा नव्हता. दाब दाखवणारा काटा कधीचा शून्यावर चिकटलेला. फिटर शिडीशी पाना घेऊन उभा. सुरक्षेचे साहेब, मोठे साहेब, आणखी दोघंतिघं. मी खाली पेंडीचा भुसा झाडत होते.

फिटरने विचारलं, "मिस्त्रीनं आयकलं का?"

भाऊ आले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी पंधरा-वीस पावलांवर होते आणि माझ्या-त्यांच्यामध्ये साहेब होते. त्यांनी मफलर सोडला, काठी लावली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. एकवीसच्या पुढे मोजत असावेत.

"बंद," ते म्हणाले.

फिटरने शिडीवर पाय ठेवला.

तोच पाइप वळून माझ्या डोक्यावरून जात होता. माझ्या झाडूला बांबूचा दांडा होता. मी तो उलटा करून पाइपाला टेकवला आणि खालच्या टोकाला कान लावला. तवा. पाण्याचा हबका. आणि थांबतच नव्हता.

मी ओरडले असं लोक नंतर सांगत. मी ओरडले नाही. मी ओरडायचा प्रयत्न केला आणि काहीच निघालं नाही. मी धावत गेले, साहेबांच्या मधून घुसले आणि शिडीचा पाय दोन्ही हातांनी धरला. फिटर दोन पायऱ्या वर होता.

"ए बाई, पागल झाली का? पाडतेस का मले?"

"चालू हाय," मी म्हणाले.

"काय म्हणते?"

"चालू हाय. आत चालू हाय."

सुरक्षेचे साहेब संतापले. "हिला इथे कोणी येऊ दिलं? मिस्त्रींनी आत्ताच बंद म्हणून सांगितलं ना?"

मग सगळे भाऊंकडे बघायला लागले. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पुन्हा म्हणाले, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. मला एवढंच येत होतं. त्यांनी वाचलं. ते म्हणू शकले असते की बाईला काय कळतं. कोणीही त्यांचंच मानलं असतं, शिडी पुन्हा हलली असती.  मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही, त्यांच्या हातातल्या काठीकडे बघत होते. ती त्यांनी कमरेला खोचली.

"बाई म्हणते तेच खरं," ते म्हणाले. "उतर खाली."

"पण तुम्हीच तर आत्ता..." मोठे साहेब म्हणाले.

भाऊंनी ते ऐकलं नाही, पण ओळखलं. "मले काईच आयकू नाई येत, साहेब. दिवाळीपासून नाई येत. ही बाईच आयकून राह्यली."

फिटर उतरला. लाइनच्या खालच्या बाजूला एक छोटी तोटी होती, ती लांबून साखळीने थोडी ओढली. वाफ शिट्टी मारत बाहेर आली आणि समोरच्या भिंतीचा रंग फुगला.  फिटर जमिनीवर बसला आणि गालातला खर्रा थुंकला.

दुसऱ्या दिवशी बॉयलर थांबवून कंट्रोल वॉल्व्ह खोलला; हाताचा जुना तर गळत होताच. कडी आणि बूच यांच्यामध्ये वेल्डिंगचा एक मणी अडकला होता, शेंगदाण्यापेक्षा लहान. मागच्या कामातून वाहत आलेला. वॉल्व्ह चांगला होता. निळा रंग लावून बघितला तर रेघ अखंड होती, फक्त मण्यापाशी तुटलेली.

भाऊंना कामावरून काढलं नाही. स्टोअरच्या खिडकीवर बसवलं, हातमोजे, पाने, चिंध्या द्यायला. लाइन उघडायच्या आधी आता नवीन काटा बघतात, तोटी उघडून बघतात, आणि मग सही करतात. ते चांगलंच आहे. मला पुन्हा झाडायला लावलं आणि घासायचं काम सुटलं. वर्कशॉपात कोणी मला काही म्हटलं नाही. म्यूटवर आहे का, हेही कोणी विचारेना.

भाऊ माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. खिडकीतून सामान देत, रजिस्टर पुढे सरकवत, सही घेत. ते रागावले आहेत असं मी धरून चालले होते, आणि रागवायचा त्यांना हक्क आहे असंही. लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलत. कोणी चेष्टेने जास्तच मोठ्याने बोले, तेव्हा ते कानाऐवजी त्याच्या ओठांकडे बघून म्हणत, "एवढा कायले तोंड फाडते? तोंड नीट हलव, पुरे झालं."

मग एक दिवस मी चिंध्या घ्यायला गेले. मागे फिटर आणि आणखी दोघं उभे होते. भाऊंनी चिंध्या काढल्या, पण दिल्या नाहीत. हातात धरून म्हणाले, "दिवाळीपासून तुले मालूम होतं. इतके महिने काऊन नाई बोलली कोणाजवळ?"

मी उत्तर दिलं, माझ्या आवाजात. ते नेमके खाली, रजिस्टरकडे बघत होते.

"काय?"

मी पुन्हा सांगितलं.

"आयकू नाई येत. जोरानं बोल."

 मी खिडकीचे गज धरले. मी जन्मात कोणाशी असं बोलले नव्हते, पोरांवरही नाही. "तुमाले वर्कशॉपातून काढतीन म्हणून भेव वाटे!" माझा आवाज पत्र्याला लागून परत आला.

भाऊंनी मान वर केली. आता त्यांचा स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते त्यांना कळत नसे. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मले बी तेच भेव वाटे."

त्यांनी चिंध्या माझ्या हातात दिल्या. मी सही करून बाजूला झाले. ते माझ्या मागच्या फिटरला म्हणाले, "बोल, तुले काय पायजे?"

फिटर वाकून खिडकीसमोर आला आणि तोंड नीट हलवत म्हणाला, "हातमोजे."